एलेव्हेशनचा ड्रम फिरवण्याआधी

गोळी मध्यापासून खाली लागली की नेमबाजाचा हात आपसूक स्कोपच्या वरच्या ड्रमकडे जातो. दोन क्लिक वर. पुढची गोळी वर लागली की एक क्लिक खाली. मग पुन्हा वर. अशी दहा-पंधरा काडतुसे संपतात आणि रायफल जिथे होती तिथेच राहते, किंवा आधीचा बरा असलेला झिरोही, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी यांचा जुळलेला मेळही, हातचा जातो. ही पुस्तिका त्या हाताला थोडा वेळ थांबवण्यासाठी लिहिली आहे. गोळी उभ्या रेषेत चुकण्याची कारणे अनेक आहेत. स्कोपचा बिघाड हे त्यांतले एक, आणि माझ्या पाहण्यात ते क्वचितच खरे निघते. तरीही पहिला संशय त्याच्यावर घेतला जातो, कारण फिरवता येण्यासारखी वस्तू तेवढीच समोर असते.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतली मुलेमुली डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले. या भागाला शस्त्र परके नाही. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंगांच्या परंपरेतल्या शस्त्रांचे आजही नेमाने पूजन होते. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे आणि लातूरजवळ बाभळगावला पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे. गावोगावच्या घरांतून कोणी ना कोणी वर्दीत आहे. महाविद्यालयातल्या एनसीसीच्या कॅडेटला पॉइंट टू-टू रायफल पहिल्यांदा हाती मिळते ती २५ यार्डांवर, पोटावर पडून, मोजक्या गोळ्यांसह. त्या मोजक्या गोळ्यांतच काहींना कळते की हे आपल्याला जमते आहे, आणि ती ओढ पुढे सुटत नाही.

पण त्यापुढची वाट खडतर आहे. पन्नास मीटर किंवा त्यापुढे सराव करायचा तर लांब पल्ल्याची रेंज लागते, आणि ती इथे मुख्यतः दलांच्या प्रशिक्षणासाठी असते. नागरी नेमबाज पुण्याच्या बालेवाडीला किंवा मुंबईत वरळीला जातो. रात्रभराचा प्रवास, परवान्याची कागदपत्रे, पेटीत बांधलेली रायफल आणि वाट्याला आलेले थोडे तास. चांगल्या टार्गेट काडतुसाची किंमत घरच्यांना सांगताना मुलांचा आवाज खाली जातो. ते थोडे तास आणि ती महाग काडतुसे एलेव्हेशनचा दोष शोधण्यात गेली, तर सरावाला काही उरत नाही. म्हणून दोष शोधण्याचे जितके काम गोळी न झाडता, गावातच करता येईल तितके करून मगच गाडीत बसावे, असा माझा आग्रह आहे. पुस्तिकेची सगळी रचना या आग्रहातून झाली.

स्कोप नसलेल्या नेमबाजाने ही पुस्तिका बाजूला ठेवू नये. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत रायफलीवर दुर्बीण लावायला परवानगी नाही. तिथे बारीक छिद्रातून पाहण्याची पीप साइट असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन विश्वविजेतेपद मिळवले ते पीप साइटवर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले तेही पीप साइटवरच. त्या लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी आहे. कोनात मांडले तर ते एका मिनिटाच्या तीन-चतुर्थांशाहूनही लहान. पीप साइटलाही वर-खाली करणारा ड्रम असतो, त्यालाही क्लिक असतात आणि त्याचे गणितही हेच असते. फरक एवढाच की स्कोपमध्ये भिंगांमुळे दोष लपायला आणखी जागा मिळतात.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीशी मराठी मुलखाचे नाते जुने आहे आणि त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या वार्षिक मेळाव्यात ‘कोलापोर’ नावाची सांघिक स्पर्धा होते. तिचा चषक कोल्हापूरच्या राजाच्या नावाने दिलेला, १८७१ सालचा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) त्याच्या आदल्या वर्षी, १८७० मध्ये, इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. मेळावा तेव्हा विम्बल्डनला भरत असे, १८९० पासून तो बिस्लीला भरतो. आठ जणांचे संघ आजही ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर त्या चषकासाठी झुंजतात. आपल्याकडे भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेतून अनेक दशके नवे नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेकडे गेले.

विम्बल्डनच्या पहिल्या मेळाव्याची एक घटना मला या विषयाचा पाया वाटते. २ जुलै १८६० रोजी राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडून उद्घाटन केले. व्हिटवर्थ रायफल एका यांत्रिक आधारावर घट्ट बसवलेली होती, नेम आधीच लावून ठेवला होता आणि राणीने फक्त चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून दोन इंचांच्या आत लागली. रायफल आणि साइट यांचा स्वभाव जाणून घ्यायचा तर माणसाला त्यातून बाजूला काढावे लागते, हे त्या यंत्रज्ञांना उमजले होते. आपण बहुतेक वेळा उलट करतो. खांदा, गाल, श्वास, बोट, काडतूस, स्कोप धरून ठेवणारे माउंट आणि स्कोप या सगळ्यांची परीक्षा एकाच गोळीवर घेतो, आणि मग त्यातल्या एकाला दोषी ठरवतो.

आता थोडे गणित. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २९.१ मिमी भरतो. एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग, १०० मीटरवर १०० मिमी. पाव मिनिटाच्या क्लिकने गोळी १०० मीटरवर ७.३ मिमी सरकते, दशांश मिलच्या क्लिकने १० मिमी. दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडे यात काही नाही, आणि लातूरच्या शिकवणीवर्गांत बसलेल्या मुलांना ते शिकवण्याची गरज नाही. घोटाळा होतो तो मापे मिसळल्यामुळे. ड्रम मिनिटांत आणि आतली रेषापट्टी मिलमध्ये असलेले स्कोप बाजारात भरपूर आहेत. जुन्या रेंजांची आखणी यार्डांत आहे आणि मोबाइलवरचा तक्ता मीटरमध्ये. ३०० यार्ड म्हणजे २७४ मीटर. ‘शंभर यार्डांना एक मिनिट म्हणजे एक इंच’ हा सोयीचा हिशेब प्रत्यक्षापेक्षा सुमारे साडेचार टक्क्यांनी कमी आहे. पन्नास मीटरवर ही तूट कुणाच्या लक्षातही येत नाही. तीस मिनिटांची चढण दिली की तीच तूट जवळजवळ दीड मिनिटाची होते, आणि मग चांगल्या स्कोपला नावे ठेवली जातात.

पुस्तिकेतला सर्वांत महत्त्वाचा भाग दुसऱ्या प्रकरणात आहे. दोषाचे मूळ ओळखण्यासाठी लक्ष्याचे अंतर बदलून पाहावे, एवढेच त्याचे सूत्र. पॉइंट टू-टूची साधी टार्गेट गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. ५० मीटर गाठेपर्यंत ती नळीच्या रेषेपासून साधारण १२ सेंमी खाली येते आणि १०० मीटर गाठेपर्यंत साधारण ५० सेंमी. अंतर दुप्पट झाले की पडझड चौपट, कारण खाली येणे वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढते. आता समजा काडतुसांच्या वेगात दहा मीटरचा फरक आहे. त्या फरकामुळे ५० मीटरवर गोळी सुमारे ७ मिमी वर-खाली होईल आणि १०० मीटरवर सुमारे ३० मिमी. उलट, माउंट सैल आहे किंवा ड्रम नीट परतत नाही, तर तो दोष कोनाचा आहे. ५० मीटरवर ७ मिमी असेल तर १०० मीटरवर १४ मिमी. म्हणजे उभा ग्रूप अंतराबरोबर दुप्पट होतो की चौपट, एवढे पाहिले तरी संशयितांची यादी निम्मी होते. चौपट होणाऱ्या दोषावर जगातला सर्वांत महागडा स्कोपही उपाय करू शकत नाही. तिथे काडतुसांचा लॉट बदलावा लागतो.

तिसरा प्रकार पॅरलॅक्सचा, म्हणजे डोळा हलला की रेषा लक्ष्यावरून सरकलेली दिसण्याचा. पॉइंट टू-टूसाठी केलेल्या स्थिर स्कोपमध्ये पॅरलॅक्स साधारण ५० यार्डांच्या आसपास बसवलेला असतो. त्या अंतरावर डोळा किंचित सरकला तरी फारसे बिघडत नाही. दुसऱ्या अंतरावर बिघडते. दोष एका अंतरावर दिसतो आणि दुसऱ्यावर नाहीसा होतो, तेव्हा गालाची जागा तपासावी. रायफल आधारावर ठेवावी, तिला हात न लावता स्कोपमधून पाहत डोके हळूच वर-खाली करावे. रेषा लक्ष्यावरून सरकताना दिसली तर उत्तर मिळाले, आणि त्यासाठी एकही गोळी लागली नाही.

नेमबाजाच्या शरीराबद्दल मी येथे विस्ताराने लिहीत नाही. प्रशिक्षकाच्या नजरेला पर्याय नाही. पडून झाडताना श्वास अर्धवट राहिला की ग्रूप उभा ताणला जातो, एवढे लक्षात असू द्यावे.

माउंटबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. आपली रायफल रेल्वेच्या डब्यातून, एसटीतून, कधी दुचाकीवरून प्रवास करते. धक्क्यांनी स्क्रू ढिले होतात. दस्त्याला यंत्रणा धरून ठेवणारे स्क्रूही होतात, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाची एक बारीक रेघ ओढावी. प्रवासानंतर रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरलेला आहे. स्क्रू किती आवळायचा ते उत्पादक सांगतो आणि तेवढाच आवळावा. ‘जरा जास्तच घट्ट’ केलेल्या रिंगने स्कोपची नळी दबते, आणि दबलेल्या नळीत ड्रम जड किंवा विसंगत फिरू लागतो. मोजून आवळणारा पाना क्लबने एक विकत घेतला तरी सगळ्यांना पुरतो.

ड्रमची खरी परीक्षा बिनगोळीची. रिकामी, तपासलेली रायफल किंवा नुसता स्कोप मजबूत आधारात पक्का बसवावा. समोर १०० मीटरवर एक उंच पट्टी लावावी, तिच्यावर मिनिटांच्या किंवा मिलच्या खुणा मापून काढलेल्या असाव्यात, आणि पट्टी गवंड्याच्या ओळंब्याने उभी केलेली असावी. मग ड्रम तीस मिनिटे फिरवावा. रेषा पट्टीवर ८७३ मिमी सरकली पाहिजे. ८४० मिमीच सरकली तर प्रत्येक क्लिक सुमारे चार टक्के लहान आहे. याला दोष म्हणताच येणार नाही, तो त्या स्कोपचा स्वभाव आहे. आकडा लिहून ठेवावा आणि तक्त्यात दुरुस्ती करावी. ती दुरुस्ती नाही केली तर ९०० मीटरवर गोळी एक फुटाहून अधिक चुकेल. नंतर ड्रम परत शून्यावर आणावा. रेषा जिथून निघाली तिथे परतली नाही, हे पुन्हा पुन्हा करूनही परतली नाही, तर आणि तरच स्कोप दुरुस्तीला पाठवण्याचा विचार करावा.

त्याच पट्टीवर तिरपेपणाही कळतो. रायफल पाच अंशांनी कलली असेल, तर तीस मिनिटांची चढण देताना १०० मीटरवर गोळी फक्त ३ मिमी खाली जाते, पण बाजूला ७६ मिमी जाते. म्हणून लांबच्या अंतरावर गोळी एकाच बाजूला जाऊ लागली की वाऱ्याला दोष देण्याआधी ओळंबा टांगून पाहावा. स्कोपची उभी रेषा त्या दोरीशी जुळते का आणि त्याच वेळी रायफल सरळ आहे का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही तपासाव्या लागतात.

ड्रम वर जायचाच थांबतो, ही तक्रार लांब पल्ल्याकडे वळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. एखाद्या स्कोपमध्ये एकूण साठ मिनिटांचा वाव असेल आणि झिरो बरोबर मध्यावर बसला असेल, तर वर जायला तीसच मिनिटे उरतात. ५० मीटरवर झिरो केलेल्या पॉइंट टू-टूला २०० मीटरसाठीच चोवीस-पंचवीस मिनिटे लागतात. ७.६२ मिमीच्या जड टार्गेट गोळीला १०० यार्डांच्या झिरोपासून हजार यार्डांपर्यंत अडतीसच्या आसपास. इथे स्कोप निर्दोष असतो. वाव अपुरा असतो. पुढे उतरती, वीस मिनिटांचा कल असलेली पट्टी स्कोपखाली बसवली की तेवढी मिनिटे वरच्या बाजूला जमा होतात. तीच पट्टी उलटी बसवली तर तेवढीच वजा होतात, आणि हे घडलेले मी पाहिले आहे. वावाच्या अगदी टोकाशी काम करणेही टाळावे. तिथे आतल्या स्प्रिंगचा दाब बदलतो आणि क्लिक ऐकू येऊनही रेषा पुरती सरकत नाही.

आता हवा. हवेवरच्या प्रकरणासाठी दोन जिल्ह्यांची तुलना करताना मला फार आनंद झाला. गोदावरीकाठचे नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर आहे, बालाघाटच्या पठारावरचे लातूर सुमारे ६३० मीटरवर. एवढ्या उंचीने हवेची घनता जवळपास तीन टक्क्यांनी कमी होते. जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळपासून मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारपर्यंत मात्र ती साडेनऊ टक्क्यांनी घटते. म्हणजे आपल्याकडे घाट चढण्यापेक्षा ऋतू बदलणे गोळीला जास्त वर नेते. हजार यार्डांवर हा ऋतूचा फरक दोन मिनिटांच्या आसपास पोहोचतो, म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर. त्यात तापलेल्या दारूमुळे वाढणारा वेग मिसळला की आणखी. काडतुसांची पेटी उन्हात ठेवू नये हा नियम इथल्या उन्हाळ्यात कुणी हलक्याने घेऊ नये. ५० मीटरवर हवेच्या घनतेचा परिणाम दिसत नाही. तिथे हवामानाला जबाबदार धरणारा नेमबाज खऱ्या कारणापासून दूर जातो आहे. मृगजळाची गोष्ट वेगळी. तापलेल्या काळ्या मातीवरून उठणाऱ्या लहरी लक्ष्याची प्रतिमाच जागेवरून हलवून दाखवतात, आणि नेम त्या प्रतिमेवर धरला जातो. दुपारी सापडलेला एलेव्हेशनचा दोष दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पुन्हा तपासल्याशिवाय खरा मानू नये. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम वगैरे विषय तरुणांना फार आकर्षक वाटतात. ३०० मीटरपर्यंत त्यांचा विचार करण्याची गरज नाही.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. स्कोप म्हटला की काहींच्या मनात अजून शिकार येते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून अस्तित्वात आहे आणि या पुस्तिकेतले एकही पान त्या कामासाठी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे नियम पाळून, मान्यताप्राप्त रेंजवर, जबाबदार अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली जे झाडले जाते त्यालाच मी नेमबाजी म्हणतो. शेताच्या बांधावर ‘जरा झिरो करून पाहू’ म्हणणाऱ्याने हे पान वाचून पुस्तिका परत करावी. पट्टीची परीक्षा करतानाही काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलूपबंद असावीत आणि नळी दोघांनी तपासलेली असावी. आधारात बांधलेली लांब वस्तू दिसली की शेजारीपाजारी घाबरतात, म्हणून नुसता स्कोपच खिळवून परीक्षा करणे मला अधिक पसंत आहे.

शंभर मीटरची सरळ, मोकळी जागा सगळ्यांकडे नसते हे मी जाणतो. त्यासाठी शेवटच्या पानावर २५ यार्डांचा तक्ता दिला आहे. तिथे पाव मिनिटाचा एक क्लिक १.६६ मिमीचा, दशांश मिलचा २.२९ मिमीचा आणि तीस मिनिटांची पूर्ण चढण १९९.५ मिमीची. चार टक्क्यांचा फरक तिथे ८ मिमी दिसतो, आणि तो आलेखाच्या कागदावर वाचता येतो. अंतर मात्र फितीने मोजावे, पावलांनी नाही, कारण एका यार्डाची चूक तिथे चार टक्क्यांची होते आणि ती नेमकी स्कोपच्या नावावर जमा होते. पॅरलॅक्स बदलता येत असेल तर तो त्या अंतराला जुळवून घ्यावा. स्थिर स्कोप असेल तर डोळा मध्यावर ठेवण्यासाठी पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून ते मागच्या भिंगासमोर लावावे. आकडे पेन्सिलीने, तारीख, वेळ आणि तापमानासह लिहावेत, आणि दुसऱ्या प्रकरणाकडे वळण्याआधी हे शेवटचे पान भरावे.